रस्ता बंद, बाजार चालू

चिआंग माई,
शुक्रवार, रात्री

ति. सौ. ताईस,


सुखरूप पोहोचले. इथे राहणारी आपली मनू स्टेशनवर घ्यायला आली होती. बारीक झालीय, पण चेहरा हसरा आहे, तेव्हा आईला सांग की काळजी नको. डोळखांबला रेंज मिळेल तेव्हा फोन होईलच. तरी हे लिहून पाठवते, कारण आपल्या बायकांच्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवीन असं तू म्हणाली होतीस. मनू या कागदांचे फोटो काढून तुला पाठवेल.

बँकॉकहून रात्रीच्या गाडीने निघाले ती सकाळी इथे. अंतर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. उजाडताना भात कापून झालेली खाचरं दिसू लागली, मग डोंगर सुरू झाले आणि कसारा घाटात होतो तसा गाडीचा वेग उतरला. वाटेत खुन तानचा बोगदा लागतो, 1,352 मीटर लांब. एमिल आयझेनहोफर नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1907 साली तो खणायला घेतला आणि पुरा व्हायला 1918 उजाडलं. बोगद्याबाहेर दोन्ही अंगांना जंगल. खिडकीशी नाक लावून पाहिलं तर साग! थंडीत पानं तांबूस होऊन गळायला लागलेला, आपल्या तानशाच्या रानातला असतो तसाच.

या सागाची एक गोष्ट मनूने सांगितली ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथल्या जंगलातला साग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या कंपन्यांनी तोडून नेला, त्यांतली एक मोठी कंपनी आपल्या मुंबईची. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. वॉलेस मंडळींनी 1863 साली ती मुंबईत काढली. आधी ब्रह्मदेशातलं लाकूड, मग उत्तर सयामातलं. हत्तींकडून ओंडके नदीपर्यंत ओढून न्यायचे आणि पावसाच्या पुरावर खाली बँकॉककडे सोडायचे. उत्तरेतल्याच फ्रे गावात कंपनीच्या काळातली शंभरावर वर्षं जुनी सागवानी इमारत उभी होती. 2020 साली दुरुस्तीच्या कामात ती चक्क पाडून टाकली गेली, तेव्हा गावकऱ्यांनी मोठा आवाज उठवला. एकेकाळी परक्यांनी उभारलेली, पण आता ती त्यांची होती. मला भातसा धरण आठवलं. आपल्या शहापूर तालुक्यातलं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत असतात. मुंबईचा हात किती लांबवर पोहोचतो, हे इथे येऊन नव्याने कळलं.

बाकी गाव गार आहे, स्वेटर लागतो. दुपारी नारळाच्या दुधातला, हळदीच्या रंगाचा नूडल्सचा रस्सा खाल्ला. खाओ सोय म्हणतात. वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, आत कोंबडीची तंगडी, बाजूला लिंबू आणि बारीक चिरलेला कांदा. भावजींना नक्की आवडलं असतं.

उद्या शनिवार. इथे शनिवारी एक आणि रविवारी दुसरा असे दोन रस्त्यांवर रात्रीचे बाजार भरतात. तेच बघायला मी खरं म्हणजे उत्सुक आहे. शेवळाच्या रानभाजीचे वाटे घेऊन हायवेच्या कडेला बसणाऱ्या आपल्या बायका डोळ्यांपुढे ठेवून बघणार आहे.

तुझी,
धाकटी


शनिवार, रात्र

ति. ताई,

पाय भरून आलेत, पण उद्यावर टाकलं तर निम्मं निसटून जाईल.

जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे, एकेक बाजू सुमारे दीड किलोमीटर. आत अजूनही देवळं, शाळा, बैठी घरं. मंगराय नावाच्या राजाने 1296 साली हे शहर वसवलं. आपल्याकडे ज्ञानेश्वर माउलींनी आळंदीला समाधी घेतली तेच हे वर्ष. वारी करणाऱ्या आपल्या मावशीला हे आवर्जून सांग.

दक्षिणेच्या वेशीबाहेर वुआलाय नावाचा रस्ता आहे. आठवडाभर त्यावरून गाड्या धावतात. शनिवारी दुपारनंतर दोन्ही टोकांना अडसर लावून वाहनं बंद. मग छोट्या टेम्पोंतून, मोटारसायकलला जोडलेल्या गाड्यांतून माल येतो. घडीची टेबलं, चटया, बांबूचे स्टँड, एकेक पिवळा दिवा. आम्ही पोहोचलो तेव्हा मांडामांड चालली होती. मी मुद्दाम लवकर गेले होते, कारण बाजार भरतो कसा ते मला बघायचं होतं. कुठे आरडाओरडा नाही, जागेवरून भांडण नाही. एक बाई आली, फूटपाथच्या एका खांबाशी थांबली, चटई अंथरली आणि बसली. मनूने तिला विचारलं, जागा कशी ठरते? तिने खांबाकडे बोट दाखवलं. दर शनिवारी हीच. गिऱ्हाइकांना ठाऊक असतं मी कुठे सापडेन.

ताई, या एका वाक्यावर मी बराच वेळ विचार करत राहिले. आपल्याकडची करवंदं-जांभळं विकणारी कातकरीण आज पुलाखाली, उद्या रिक्षा स्टँडजवळ, परवा कुणी उठवलं म्हणून तिसरीकडे. कालचं गिऱ्हाईक तिला शोधणार कुठे? तिचा माल चोख असतो, तोंड गोड असतं, तरी तिला ओळखीचं गिऱ्हाईक जोडता येत नाही, कारण तिच्या पायाखाली रोजची एकच फरशी नाही.

वुआलाय हा चांदीकारांचा रस्ता. त्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. ब्रह्मदेशाच्या राजांनी 1558 साली हे राज्य घेतलं आणि दोनशेहून अधिक वर्षं ते त्यांच्याकडे होतं. पुढे लढायांत शहर इतकं उजाड झालं की काही वर्षं इथे वस्तीच उरली नव्हती. 1796 साली कावीला नावाच्या राजाने ते पुन्हा वसवलं. माणसं कुठून आणायची? आजूबाजूच्या मुलखातून. भाजी वेचून टोपलीत भरावी तशी माणसं वेचून नगरात भरली, असं इथले लोक त्या काळाबद्दल सांगतात. सगळी राजीखुशीने आली नव्हती, लढाईत धरून आणलेलीही होती. साल्वीन नदीकडच्या खेड्यांतून आलेले चांदीचे कारागीर या वुआलायला बसवले, लाखकाम करणारे दुसऱ्या आळीत. सव्वादोनशे वर्षं झाली, ठोकणीचा आवाज अजून याच रस्त्यावर येतो.

एका दुकानाच्या पायरीवर म्हातारा कारागीर बसला होता. पुढ्यात राळेच्या थरावर पत्रा पक्का बसवलेला, हातात बोटभर लांबीची छिन्नी. हातोडीचा घाव एकसारखा, ना जोरात ना हळू. आधी मागच्या बाजूने ठोकून फुगवटा काढायचा, मग पत्रा उलटून पुढून रेषा कोरायची. बारीक पाकळीच्या कडेवर त्याने किती घाव घातले असतील! छिन्नीचं तोंड दर घावाला केसभर सरकत होतं आणि रेषा कुठे तुटत नव्हती. चांदी महागली, म्हणून आता बरंच काम ॲल्युमिनियमवर चालतं. त्याच आळीत वाट श्री सुफान देऊळ आहे. त्याचा मुख्य गाभारा आतून-बाहेरून असाच चांदी आणि ॲल्युमिनियमच्या ठोकीव पत्र्यांनी मढवलाय. रात्री निळ्या-जांभळ्या उजेडात तो झगमगत होता. पण बायकांना आत प्रवेश नाही. दारावर तशी पाटी आहे: पायाखाली जुन्या पवित्र वस्तू पुरल्या आहेत म्हणून. मनू आणि मी बाहेरूनच हात जोडले. मला वाईट वाटलं. बाहेरच्या रस्त्यावरचा निम्म्याहून जास्त बाजार बायकांनी उभा केलाय आणि आत त्यांना जागा नाही. हे दुखणं आपल्यालाही नवं नाही.

खाण्याचं सांगते. आप्पेपात्रासारख्या जड तव्यात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध ओतून लहान लहान वाट्या भाजतात. दोन अर्ध्या एकमेकींवर ठेवल्या की एक गोळा. खानोम क्रोक. कड कुरकुरीत, आत अजून थरथरणारी साय, वर कांद्याची पात किंवा मक्याचे दाणे. केळीच्या पानाच्या द्रोणात दिल्या. आपल्या पन्नास-पंचावन्न रुपयांत दोघींचं पोट भरलं. आणि ठेचा! हिरव्या लांब मिरच्या, लसूण, छोटे कांदे निखाऱ्यावर काळे होईपर्यंत भाजायचे, साल काढायची आणि मातीच्या खलात कुटायचे. नाम फ्रिक नुम. चिकट भाताचा गोळा बोटांनी दाबून त्यात बुडवायचा. त्या बाईने माझ्याकडे बघून खुणेने विचारलं, तिखट चालेल? मी बोटभर चाटलं आणि मान हलवली तशी ती इतकी हसली! आपल्या गटाचा मिरचीचा ठेचा बरणीत घालून इथे आणला तर तासाभरात संपेल.

झोप येतेय. उद्याचा बाजार याहून मोठा.

तुझी,
धाकटी


सोमवार, सकाळ

ति. ताई,

काल रात्री लिहिणं झालं नाही, परत यायला अकरा वाजून गेले.

रविवारचा बाजार जुन्या शहराच्या मधोमध भरतो. पूर्वेच्या थाफे दरवाजापासून पश्चिमेच्या वाट फ्रा सिंग देवळापर्यंत साधारण किलोमीटरभर, शिवाय मधल्या गल्ल्यांतही. रस्त्याचं नाव राचादाम्नोन. दरवाजा विटांचा आहे. त्याच्यासमोरच्या चौकात पाच वाजता आम्ही उभ्या होतो तेव्हाच चालायला वाट मिळत नव्हती.

मी हातात भाजलेलं केळं घेऊन चालले होते. बरोबर सहा वाजता खांबांवरचे कर्णे वाजले आणि सगळा रस्ता जागच्या जागी थांबला. पैसे मोजणारीचा हात नोटेवर थांबला, गिऱ्हाइकाचा पिशवीत. तव्यावरचं उलटायला घेतलेलं उलथनं तसंच हवेत. परदेशी पाहुणे आधी गोंधळले, मग तेही थांबले. या देशात सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत वाजतं आणि लोक असतील तिथे उभे राहतात. मिनिटभर त्या सुरांखाली फक्त कढईतल्या तेलाचा आवाज येत होता. गीत संपलं आणि क्षणात सगळं पुन्हा वाहू लागलं. आपण पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर उभ्या राहतो तो दिवस वर्षातून एकदा येतो. इथे बाजारात, कांदा-लसणाच्या वासात, घामेजलेल्या कपड्यांत हे दर रविवारी होतं. मला ते फार भावलं.

या बाजारात देवळं काय करतात ते तू नीट ऐक, कारण आपल्याला यातून घेण्यासारखं आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुने विहार आहेत. रविवारी संध्याकाळी त्यांची आवारं खाद्यपदार्थांच्या गाड्यांना मोकळी करतात. वाट फान ओनच्या सोनेरी स्तूपाखाली बाकं मांडलेली, लोक हातात द्रोण घेऊन बसलेले. वाफ वर चाललेली, मागे दिवे लावलेला स्तूप आणि त्यापलीकडे एक तरुण भिक्खू झाडू घेऊन कोपरा झाडत होता. स्वच्छतागृह आवारातच. बाजारात बसणारीला दिवसभर पाणी पिताना दहा वेळा विचार करावा लागतो, हे तुला-मला सांगायला नको. इथे नाही करावा लागत. रस्त्यावर मुख्यतः वस्तू आणि खाणं बहुतेक आवारांत, म्हणून वाटेत चिखल आणि खरकटं होत नाही.

रस्त्याच्या मध्यभागी, दोन्हीकडच्या गर्दीच्या मधल्या पट्ट्यात अंध कलाकार एकामागे एक बसतात. पेटी, ढोलक्यासारखं वाद्य, छोटा माईक, पुढ्यात डबा. गर्दी दुभंगून दोन्ही बाजूंनी जाते, कुणी त्यांना लोटत नाही. थोडं पुढे शाळेच्या मुली नाचत होत्या, शाळेसाठी पैसे गोळा करायला.

आता ज्या बाईजवळ मी सर्वांत जास्त वेळ बसले तिच्याविषयी. ती ह्मोंग होती, डोंगरातली. वय आपल्या आईएवढं असेल. पुढ्यात निळीत रंगवलेल्या कापडाच्या पिशव्या आणि पट्ट्या. ह्मोंग बायका तांब्याच्या पात्याचं कलम वितळलेल्या मेणात बुडवून कापडावर रेघा काढतात, मग कापड निळीच्या पिंपात बुडवतात, वाळवतात, पुन्हा बुडवतात. शेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटतं आणि त्याखालची पांढरी नक्षी उघडी पडते. जुनं काम भांगेच्या धाग्यांच्या कापडावर असे. आता सुती कापडही घेतात. ती गिऱ्हाईक नसलं की मान खाली घालून टाके घालायची. एक टाका उलटा, एक सुलटा, त्यावरून आडवा. एवढीशी फुली. अशा शेकडो फुल्या मिळून शंखासारखं एक वळण. मी पिशवी उलटी करून मागची बाजू पाहिली. मागे एकही गाठ नाही, धागा कुठे लोंबत नाही. आपल्या गोधडीवाल्या मावशी हेच तर बघतात.

किंमत तिने कॅल्क्युलेटरवर दाखवली. मी थोडी कमी टाइप केली, तिने मधला आकडा टाइप केला, झालं. घासाघीस इथे आवाज न चढवता होते. गळ्यातल्या दोरीला क्यूआर कोडचं प्लास्टिकचं कार्ड. थायलंडमध्ये बरेच जण त्याने पैसे घेतात. मला एकदम मुरबाड तालुक्यातलं धसई आठवलं. नोटाबंदीनंतर 1 डिसेंबर 2016 ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून त्याचं नाव सगळीकडे झळकलं होतं, वडापाववाल्याच्या गाडीवर कार्डाचं मशीन आल्याचे फोटो आले होते. आज आपल्याकडेही भाजीवालीकडे कोड चिकटवलेला असतो. पैसे घ्यायची सोय आपल्याकडे आली. बसायच्या जागेची सोय राहून गेली.

हे सगळं गोड गोड आहे असं समजू नकोस. दर तिसऱ्या टेबलावर हत्तीच्या छापाचे तेच पायजमे, त्याच चुंबकाच्या चकत्या, कारखान्यातून गठ्ठ्याने आलेल्या. हाताने केलेल्या कामाला त्यांनी खूप दाबलंय. दोन पिशव्या शेजारी ठेवल्या तर लांबून सारख्याच दिसतात, पण एकीत महिन्याची मेहनत असते आणि दुसरीत मशीनची काही मिनिटं. पर्यटक स्वस्त उचलतो. आणि डोंगरातल्या लोकांच्या हालाची गोष्ट वेगळीच. ह्मोंग, अखा, लिसू, लाहू, कारेन; यांतल्या कित्येकांकडे जन्म इथला असूनही थाई नागरिकत्वाचे कागद नाहीत. कागद नाही म्हणून जमीन नाही, लांब प्रवासाला परवानगी घ्यावी लागते. आपल्या कातकऱ्यांची हीच कथा: शासनाच्या यादीत विशेष असुरक्षित आदिम जमात, आणि वाडीखालची जागा नावावर नाही म्हणून घरकुल अडलेलं. कागदाची लढाई बाजाराने सुटत नाही. पण बाजारातली ठरलेली जागा एवढं तरी करते की आठवड्यातून एक संध्याकाळ ती बाई कुणाच्या दयेवर नसते.

इथल्या डोंगरांत पूर्वी अफूची शेती होती. राजा भूमिबोल यांनी 1969 साली शाही प्रकल्प सुरू केला तो अफूऐवजी भाजी, फळं, कॉफी लावायला. पुढे 2001 पासून सरकारने एक तांबोन, एक उत्पादन अशी योजना आणली. तांबोन म्हणजे आपल्या काही गावांचा गट समज. कल्पना जपानच्या ओइता प्रांताची. शिक्का, पुडी, वजन, पत्ता हे त्यातून गावागावांत शिकवलं गेलं. म्हणजे हा बाजार आपोआप फुलला नाही, मागे बरीच वर्षं कुणी ना कुणी खत-पाणी घातलंय.

मनू हाक मारतेय, भात गार होतोय. पुढचं उद्या.

तुझी,
धाकटी


मंगळवार, रात्र

ति. ताई,

काल सकाळी मुद्दाम पुन्हा त्या रस्त्यावर गेले. काही म्हणजे काही उरलं नव्हतं. लाल सामायिक टॅक्स्या धावत होत्या, शाळेची मुलं चालली होती. रात्री बाजार उठला की तिथेच झाडलोट होते. रस्ता ज्याचा त्याला परत. आठवड्यातले सहा दिवस गाड्यांचे, एक संध्याकाळ विकणाऱ्यांची. सगळ्यांना वेळापत्रक पाठ, म्हणून कुणाची तक्रार नाही.

तेव्हापासून मनात शहापूर-मुरबाडचाच हिशेब चाललाय. तो तुला जसाच्या तसा लिहिते, तूही तुझं मत सांग.

आपल्याकडे माल आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पावसाच्या पहिल्या सरींना शेवळं आणि त्याच्याबरोबर घालायची काकडं, मग टाकळा, भारंगी, कुडाची फुलं, करटोली, कुर्डू, चाईचा मोहर. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, मोहाची फुलं. बाराही महिने बांबूची सुपं, टोपल्या, नाचणीचे पापड, हातसडीचा तांदूळ. वारली चित्रं काढणाऱ्या पोरी आहेत. कृषी खातं 9 ऑगस्टच्या सुमाराला रानभाजी महोत्सव घेतं, उमेद अभियानातल्या गटांना मुंबईच्या सरस प्रदर्शनात टेबल मिळतं. दोन्ही चांगलंच. पण वर्षातून एकदा. टाकळा त्या दिवसाची वाट बघत थांबत नाही. शेवळं तर ऑगस्टपर्यंत संपलेली असतात.

गिऱ्हाईकही आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेज घाटात मुंबई-कल्याणची किती माणसं येतात! रविवारी संध्याकाळी ती सगळी मुरबाडवरून परत जातात. माहुलीचे ट्रेकर आसनगावला येतात. नाशिक हायवेची वर्दळ तर अखंड. आपल्या बायका बसतात सकाळी, तेव्हा ही माणसं घाईत डोंगराकडे पळत असतात. संध्याकाळी परतताना ती भुकेली, निवांत आणि काहीतरी घरी न्यायच्या मनःस्थितीत असतात, तेव्हा आपल्या बायका टोपली डोक्यावर घेऊन घरी निघालेल्या. चिआंग माईने नेमकी ही वेळ पकडलीय.

अडचण मला दिसते ती एसटीची. शेवटची गाडी चुकली तर वाडीवर जायचं कसं? अंधारात घाटवाटेने लेकरू घेऊन बाई चालू शकत नाही, तिने चालूही नये. म्हणून रात्री दहापर्यंतचा बाजार आपल्याला झेपणार नाही. दुपारी चार ते रात्री आठ बास. इथे एका गावच्या बायका मिळून एक पिकअप करतात, माल आणि माणसं एकत्र. मी विचारलं तर म्हणाल्या, भाडं वाटून घेतलं की जड जात नाही. डोळखांब, शेणवे, किन्हवली, एकेका बाजूची एकेक गाडी ठरवली तर?

आणि जागा. शहापूर आता नगरपंचायत आहे. मनूने मला कायदा काढून दाखवला: 2014 चा पथविक्रेता कायदा. त्यात म्हटलंय की शहरात पथविक्रेत्यांची समिती हवी, तिच्यात किमान 40 टक्के सभासद विकणाऱ्यांतले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. विकणाऱ्यांची पाहणी करून त्यांना प्रमाणपत्र द्यायचं, विक्रीचे पट्टे आखायचे. पूर्वापार जिथे बाजार भरतो ती जागा लक्षात घ्यायची, असंही आहे. म्हणजे आपण दान मागणार नाही, कायद्यात लिहिलेलं मागणार. आपल्या बायकांना हे कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. तू बैठकीत हा परिच्छेद दोनदा वाच.

सुरुवात फार मोठी नको. आठवड्याची एक संध्याकाळ, एकच रस्ता, तोही लहान, आणि त्या वेळात तिथे गाडी नाही. खाण्याच्या गाड्यांसाठी एखाद्या देवळाचं आवार मिळतं का विचारायचं. आपल्या देवळांनाही पटांगणं आहेत, नळ आहेत. प्रत्येकीची जागा पांढऱ्या रंगाने आखून तिच्या नावाने. दिवे. स्वच्छतागृह उघडं, किल्ली लावून ठेवलेलं नाही. कारखान्याचा माल नको, हे पहिल्या दिवसापासून ठरवायला हवं. नंतर ते जमत नाही, इथे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि शेवळाच्या वाट्याशेजारी एक चिठ्ठी: काकडं कशी घालायची, घसा खाजू नये म्हणून काय करायचं. शहरातली बाई शेवळं बघते, तिला घ्यावीशी वाटतात आणि रांधायची रीत माहीत नाही म्हणून ती तशीच पुढे जाते. इथे प्रत्येक पदार्थापुढे कार्डावर लिहिलेलं असतं, आत काय काय आहे.

तू आता दोन कामं कर. एक, वाड्या-वाड्यांवर विचारून ज्या बायका खरंच येतील त्यांची यादी कर, काय विकणार आणि घरी किती वाजेपर्यंत पोहोचायला हवं, या दोन रकान्यांसकट. दुसरं, शेणव्याच्या आपल्या भाच्याला सांग, त्याच्या टेम्पोचं आठवड्याच्या एका संध्याकाळचं भाडं किती होईल ते कागदावर लिहून दे म्हणावं, तोंडी नको.

मी ह्मोंग बाईची एक पिशवी तुझ्यासाठी घेतलीय. ती गटात फिरव आणि मागची बाजू सगळ्यांना दाखव. मनूकडून मी बाजाराच्या मांडणीचा नकाशाही काढून घेतलाय, पावलांनी मोजून.

पौष पौर्णिमेच्या आत परत येते. तेव्हा भरणाऱ्या म्हशाच्या यात्रेला या खेपेला आपण दोघी एक रात्र मुक्कामाला जाऊ. बैलबाजार पुरुषांना बघू दे. आपण घोंगड्यांच्या आणि भांड्यांच्या रांगा बघू, अंधार पडल्यावर ती माणसं दिवे कुठून आणतात, जागा कशी वाटून घेतात, पावती कोण फाडतो आणि बायका रात्री कुठे झोपतात, हे सगळं विचारून घेऊ. वही मी आणते.

आईला आणि भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी